रस्ता संपतो तिथे होडी

मालवणच्या सागरी अभयारण्याभोवती सायकलने फिरून यायचं, असं मी दिवाळीत घरी जाहीर केलं. लेकीने चकलीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "बाबा, ते पाण्याखाली आहे ना? मग भोवती म्हणजे कुठून?"

ती प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे घरात असे प्रश्न येतात. प्रश्न बरोबरही होता. 1987 साली जाहीर झालेलं हे अभयारण्य 29 चौरस किलोमीटरचं आणि बहुतेक सगळं समुद्रातलं. त्यातला 3.18 चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासच्या पाण्यात. वाघ नाही, जिप्सी नाही, तिकीट फाडायला फाटक नाही. पण नकाशा काढून बसलो तेव्हा एक गंमत दिसली. मालवणच्या दोन्ही बाजूंना वाळूची एकेक लांब पट्टी आहे. उत्तरेला तोंडवळी-तळाशील, दक्षिणेला तारकर्ली-देवबाग. पट्टीच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नदी. पहिलीला गड नदी, दुसरीला कर्ली. दोन्ही पट्ट्यांवरचे रस्ते टोकाला जाऊन पाण्यात संपतात. गाडी तिथून मागे वळवावी लागते, म्हणून पलीकडे जाणारी गाडी त्या रस्त्याला लागतच नाही. सायकल मात्र होडीत चढते. कणकवलीला उतरायचं, आचऱ्यामार्गे किनारा गाठायचा, दोन्ही टोकांना होडी धरायची आणि कुडाळला गाडीत बसायचं, असा बेत ठरला.

एक अट मात्र मी घातली. सोमवारी सुरुवात आणि शुक्रवारी शेवट. शनिवार-रविवारी तारकर्लीच्या रस्त्यावर सायकल चालवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत योगासनं करणं. रस्ता तोच, पण वार बदलला की वेगळाच. या अटीची एक किंमत असणार आहे हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही. मार्गशीर्ष महिना, त्यात सोमवार, पुढे एकादशी आणि मग गुरुवार. मालवणात जाऊन मासळीला मुकण्याची इतकी पक्की व्यवस्था कोणी मुद्दाम करूनही झाली नसती.

सोमवार : कणकवली ते आचरा

कणकवलीला गाडी जेमतेम थांबते. सायकली पार्सलच्या डब्यात टाकल्या तर तिथे उतरवून घेईपर्यंत गाडी कुडाळला पोचायची, म्हणून चाकं काढून दोन्ही सायकली पिशव्यांत भरल्या होत्या आणि रात्रभर बर्थखाली कोंबल्या होत्या. फलाटावर त्या जोडताना भोवती सहा-सात माणसं जमली. एकाने पेडल उजवं-डावं वेगळं असतं हे आम्हाला समजावून सांगितलं. आम्हाला ते ठाऊक होतं, पण घाईत मी ते उलटंच लावत होतो हेही खरं.

आचरा रस्ता 35 किलोमीटरच्या आसपास. वाहनं अगदीच नाहीत असं नाही. तासा-अर्ध्या तासाने लाल एसटी, मधेच चिऱ्यांनी भरलेला ट्रक आणि बऱ्याच दुचाक्या. एसटीचे चालक लांबूनच एक बारीक हॉर्न देतात आणि पुरेशी जागा सोडून जातात. चिऱ्यांच्या ट्रकना मात्र आम्हीच जागा देत होतो. रस्ता सतत वर-खाली. कोकणात 'सपाट' हा शब्द फक्त सड्यासाठी, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारासाठी, ठेवलाय आणि सड्यावर पोचायला आधी चढावं लागतं. लेकीने तासाभरात चढांची मोजदाद सुरू केली आणि तेवढ्याच वेळात सोडून दिली.

रामगडच्या आसपास गड नदी भेटली. हीच नदी उद्या आपल्याला होडीने ओलांडायची आहे, असं सांगितल्यावर लेकीने पुलावर थांबून तिच्याकडे जरा आदराने पाहिलं. इथे ती खडकांमधून वाहणारी, गुडघाभर पाण्याची. काठाला मळे, कुळीथ पेरलेले, भाताचं पिंजर रचून ठेवलेलं. काजूला अजून मोहर नव्हता, पण एखाद्या आंब्याची पालवी तांबूस झाली होती.

आचऱ्यात शिरलो तेव्हा दुपार कलली होती. रामेश्वराच्या देवळात टेकलो. या गावाची गावपळण प्रसिद्ध आहे. काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. वेशीबाहेर झोपड्या पडतात, चुली पेटतात, रात्री भजनं रंगतात आणि मागे गावात चिटपाखरू उरत नाही. का, याच्या गोष्टी बऱ्याच आहेत. देवळात भेटलेल्या गृहस्थांनी त्या तीन तऱ्हांनी सांगितल्या आणि तिन्ही खऱ्या म्हणून सांगितल्या. मला आपलं वाटत राहिलं, त्या तीन दिवसांत आचऱ्याच्या रस्त्यावर सायकल चालवायला काय बहार येत असेल. पण तेव्हा गावात पाऊल ठेवायचं नसतं.

राहिलो ते घर माडांच्या बागेत. सोमवार, म्हणून जेवायला काळ्या वाटाण्याची उसळ, भात आणि सोलकढी. लेकीने तीन वेळा कढी मागून घेतली. माझी नजर अंगणात वाळत घातलेल्या सुक्या बांगड्यांवरून हलत नव्हती.

मंगळवार : आचरा ते मालवण, मधे अडीच तास तळाशील

सकाळी उशिरा निघालो, कारण अंतर फार नव्हतं. वायंगणी, मग तोंडवळी. मुख्य रस्ता सोडून तोंडवळीकडे वळलो आणि रहदारी एकदम तुटली. पुढचा सगळा रस्ता सुरूंच्या बनातून आणि माडांतून. उजवीकडे समुद्राची गाज, डावीकडे माडांच्या फटींतून नदीचं संथ, हिरवट पाणी. रस्त्यावर पडलेले सुरूचे काटे टायरखाली इतके मऊ वाजतात की आपणच आपल्याला ऐकू येत नाही. तासाभरात आम्हाला भेटल्या दोन स्कूटर, एक टेम्पो, मासळी विकून परतणारी एक बाई आणि रस्त्याच्या मधोमध झोपलेला एक कुत्रा. त्याला वळसा आम्हीच घातला.

लेकीला किनाऱ्यावर कासवांची जाळी बघायची होती. या भागात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. कोल्हे-कुत्र्यांनी ती उकरू नयेत म्हणून गावातली माणसं आणि वनखातं मिळून अंडी हलवून जाळीच्या कुंपणात पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. आम्हाला दिसलं ते नुसतं कुंपण आणि आत कोरी वाळू. हंगाम नुकता सुरू झाला होता. लेक तरीही दहा मिनिटं त्या कोऱ्या वाळूकडे बघत उभी राहिली.

ओहोटीला भिजलेली वाळू इतकी टणक होते की सायकल डांबरासारखी पळते, आणि बरेच जण हौसेने पळवतात. आम्ही ते केलं नाही. एक तर वाळूखाली घरटं कुठे असेल सांगता येत नाही. दुसरं म्हणजे खारं पाणी चेनीत गेलं की दोन दिवसांत गंज धरतो आणि पुढचा सगळा प्रवास कुरकुरत होतो. किनाऱ्यावर चालायला आपले पाय आहेतच.

दोनच्या सुमारास तळाशीलच्या टोकाला पोचलो. डांबर संपलं, वाळू सुरू झाली आणि पलीकडे, हाकेच्या अंतरावर म्हणावं असं, सर्जेकोट. मधे नदीचं मुख. पण त्या मुखात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसत होती. एका झोपडीच्या सावलीत एक आजोबा जाळं तुणत बसले होते.

"तुमी खंयसून इलास?"

"डोंबिवलीहून."

"सायकलीन?"

"नाही, कणकवलीपासून सायकलीनं."

"मगे ठीक आसा," असं म्हणून ते पुन्हा जाळ्याकडे वळले. होडीचं विचारल्यावर मान वर न करता म्हणाले, "आता सुकती. होडी वाळूत रुततली. चार-साडेचाराक बघूया."

मी घरून निघताना अंतरं पाहिली, चढ पाहिले, पंक्चरचं सामान पाहिलं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र पाहिलं नाही. लेकीने मोबाईल काढला, पण रेंज यायच्या आत आजोबांनीच हिशेब सांगितला. "आज दशमी न्हय? धा त्रिक तीस. तीसाचे चार भाग केले, साडेसात. साडेसाताक भरती झाली."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, मग दर तिथीला पाऊण तास पुढे. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे दीड-दोनला सुकती. आम्ही नेमके सुकतीच्या तोंडावर येऊन टपकलो होतो. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही तेवढीच मागे सरकते, हे लेकीला पुस्तकातून माहीत होतं. पाऊणपटीत ते 45 मिनिटं धरलेलं. पंधरवड्याच्या टोकाला हिशेब पुन्हा बारावर येऊन बसतो, त्यामुळे चूक साचत नाही. तिने वाळूत काडीने सगळ्या तिथ्यांचं गणित मांडलं. अष्टमी, सहा वाजता. एकादशी, सव्वाआठ. द्वादशी, नऊ. गुरुवारी देवबागला कधी पोचायचं ते आम्हाला तिथेच कळलं.

मग अडीच तास काहीच केलं नाही. एवढा वेळ रस्त्याच्या टोकाला बसून काही न करण्याची सवय गेलेली असते. पहिला पाऊण तास मी घड्याळ बघत होतो. मग चेन पुसली. मग तीही पुसून झाली. एका आजींनी चहा आणून दिला आणि लेकीच्या हातांचे काळे डाग बघून हळहळल्या, "गो बाय, जेवन तरी इलंस काय?" आम्ही चिवडा खाल्ला होता, तो काही त्यांच्या हिशेबात जेवण ठरेना. घावन आणि चटणी आली. वाळूच्या उंचवट्यांवर कुरव पक्षी रांगेने बसले होते, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. पाणी चढत गेलं तशी त्यांची रांग आखडत गेली. शेवटचा उंचवटा बुडाला तेव्हा ते एकदम उठले आणि आजोबांनी जाळं खाली ठेवलं.

होडीत सायकल आडवी ठेवायची ती गिअरची बाजू वर करून, हा आमच्याकडून तिथल्या ज्ञानभांडारात पडलेला एकमेव ऐवज. पलीकडे जायला दहा मिनिटंही लागली नाहीत. रस्त्याने हेच अंतर खाडीच्या पुलावरून वळसा घालून जावं लागतं.

सर्जेकोटचा किल्ला छोटासा, चौकोनी, 1668 सालचा. सिंधुदुर्गाची आरमारी गलबतं वादळात किंवा पावसाळ्यात आडोशाला यायची ती या मुखात. आज तिथेच बंदर आहे आणि संध्याकाळी मासळीचा लिलाव. आम्ही पोचलो तेव्हा शेवटच्या पाट्या चालल्या होत्या. एका बाईने इसवण उचलून दाखवला, तो लेकीच्या हाताएवढा लांब. सायकलवर घेऊन कुठे जाणार? कोळंबच्या पुलावरून काळोख पडता पडता मालवणात शिरलो आणि पहिल्याच खानावळीत बांगड्याचं तिकलं आणि भात मागवला. पुढचे दोन दिवस कसे जाणार याची कल्पना होती, म्हणून मी दोनदा मागवला.

बुधवार : मालवण, सायकली अंगणात

खरं तर बुधवार हा मासळीचा हक्काचा वार. पण एकादशी! घरमालकीण म्हणाल्या, आज आमच्यात शिजत नाही. शिरवाळे मात्र केले होते, नारळाच्या गोड रसात बुडवून. तक्रारीला जागा नव्हती.

पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ मारत जाळं सोडलेलं असतं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. तीस-चाळीस माणसं दोन रांगांत उभी राहून हळूहळू ओढत आणतात. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. जाळ्यात आलं ते फार नव्हतं, तारली, थोडे सवंदाळे, एक-दोन खेकडे. एक रापणकर म्हणाला, पूर्वी ओढताना कंबर मोडायची, आता मन मोडतं. बाहेर खोल पाण्यात यांत्रिक बोटी पर्ससीनची जाळी टाकून अख्खा थवा उचलतात. 2016 साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, पण किनाऱ्यावर विचाराल तर राग तसाच आहे. अभयारण्य जाहीर झालं तेव्हाही मच्छीमारांनी विरोध केला होता, आपल्यालाच समुद्रातून हाकलतील या भीतीने. रापण ओढणाऱ्याला आणि पर्ससीनवाल्याला एकाच मापाने मोजणारा कायदा त्या रापणकराला आपला वाटत नाही. मला त्याचं म्हणणं पटतं. लेकीला अर्धं पटतं. आमचा वाद मोरयाच्या धोंड्यापर्यंत चालला.

मोरयाचा धोंडा म्हणजे किनाऱ्यावरचा एक खडक. 1664 साली सिंधुदुर्गाच्या पायाभरणीचं पूजन शिवाजी महाराजांनी इथे केलं असं सांगतात. समोर कुरटे बेटावर किल्ला. तीन वर्षांत बांधून झालेला, पायाच्या दगडांत शिसं ओतलेला. होडीने गेलो. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, चारी बाजूंनी खारा समुद्र असताना. शिवराजेश्वराच्या देवळात गर्दी होती. तटावर मात्र आम्ही दोघेच.

तटावरून अभयारण्य प्रथम दिसलं. म्हणजे काय दिसलं? पाण्याचे रंग. जिथे तळाला वाळू आहे तिथे फिकट, जिथे खडक आणि प्रवाळ आहेत तिथे गडद, काळपट ठिगळं. तोवर दोन दिवस आम्ही ज्याच्या काठाने फिरत होतो ते हेच. किल्ल्यावर येणाऱ्या होड्या या ठिगळांवरूनच ये-जा करतात आणि आतल्या बहुतेकांना खाली काय आहे याचा पत्ता नसतो. मलाही नव्हता, कबूल करतो. मागे दोनदा आलो होतो, आणि दोन्ही वेळा फक्त किल्ला बघून गेलो होतो.

दुपारी मास्क आणि नळी लावून पाण्यात उतरलो. पहिली पाच मिनिटं मी नाकाने श्वास घ्यायचा प्रयत्न केला, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. मग हळूहळू दिसायला लागलं. मेंदूच्या वळ्यांसारखे गोल प्रवाळ, त्यांच्यावरून फिरणारे काळे-पिवळे पट्टे असलेले मासे, खडकाच्या फटीत एक समुद्री काकडी. पाणी तितकंसं स्वच्छ नव्हतं. एका ठिकाणी प्रवाळाचा मोठा तुकडा मोडून पालथा पडला होता. नांगराचा मार असावा. लेकीने वर येऊन नावाड्याला विचारलं, नांगर कुठे टाकता? तो म्हणाला, "आमी वाळयेतच टाकतो." आमच्या होडीचा नांगर वाळूतच होता, हे आम्ही खाली पाहिलं होतं.

गुरुवार : देवबाग, होडी, भोगवे, परुळे

द्वादशी. नऊला भरती. सव्वासहाला अंगणातून बाहेर पडलो तेव्हा मालवणचे रस्ते झाडून काढल्यासारखे मोकळे होते.

तारकर्ली ते देवबाग हा रस्ता मी पूर्वी गाडीने केलाय. एका बाजूला माडबागांचे गडगे, दुसऱ्या बाजूला राहण्याच्या सोयीच्या पाट्या, समोरून बस आली की कोणीतरी मागे घ्यायचं. दहा किलोमीटरला तासभर आणि तोंडात दोन-चार वाईट शब्द. त्या पहाटे तोच रस्ता आम्हाला दोघांना वाहिलेला. अंगणातून धूर, पाणी तापवल्याचा वास, शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दात घासत फाटकात उभी. एका ठिकाणी घरांमधून इकडे समुद्र आणि तिकडे कर्लीची खाडी एकाच वेळी दिसली. पट्टी तिथे इतकी अरुंद आहे. खाडीवर धुकं आणि त्यात खांबावर पंख सुकवत बसलेले पाणकावळे. सायकलवरून दोन्हीकडे बघता येतं. गाडीत बसलं की समोरच्या गाडीचा नंबर तेवढा पाठ होतो.

देवबागच्या टोकाला जलक्रीडेच्या होड्या अजून ताडपत्रीखाली होत्या. पलीकडे भोगवे, डोंगर पाण्यापर्यंत उतरलेला. रस्त्याने तिथे जायचं तर परत मालवणपर्यंत मागे आणि मग आत शिरून खाडीवरचा पूल. होडीवाला म्हणाला, बरोबर वेळेला आलात, ओहोटी लागली की नदीचं पाणी जोरात बाहेर पडतं आणि मुखावर लाटांशी भांडण होतं. लेकीने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. वाळूतलं गणित तिचं होतं.

मुखाच्या मध्यावर नावाड्याने इंजिन बंद केलं आणि बोटाने दाखवलं. "गादे." दोन राखाडी पाठी पाण्यातून वर आल्या, एक फुस्स आवाज, आणि गेल्या. पुन्हा वर आल्या त्या आमच्या मागे. पाठीवर कुबडासारखा उंचवटा, म्हणजे कुबड्या डॉल्फिन, हे लेकीने सांगितलं. पण सांगताना ती कुजबुजत होती. त्या दोन-तीन मिनिटांत कोणीच मोबाईल काढला नाही. नंतर तिला त्याचं वाईट वाटलं, मला नाही.

भोगव्याला धक्का नाही. मांडीभर पाण्यात उतरून सायकली खांद्यावर घेतल्या. मी मोठ्या रुबाबात किनाऱ्यावर टेकवली आणि पुढचं टायर नेमकं कालवाच्या शिंपेवर. शिंप सुरीसारखी. ट्यूब तर गेलीच, टायरलाही बाजूने बोटाच्या पेराएवढी चीर पडली. ट्यूब बदलता येते, पण चिरेतून नवी ट्यूब फुगा काढून बाहेर येते आणि फुटते. दहा रुपयांची नोट चौघडी करून आतून चिरेवर लावली आणि त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा. हवा जरा कमी भरली. कुडाळपर्यंत ती नोट टिकली. रुपया घसरला असं म्हणतात, माझा तरी घट्ट बसून होता.

भोगव्याहून वरचा चढ मी ढकलत चढलो, लेक दोनदा थांबून चालवत. वर निवतीच्या किल्ल्याकडून मागे पाहिलं तर सगळं एका नजरेत: देवबागची पट्टी, तारकर्ली आणि लांब धुरकट सिंधुदुर्ग. दुसऱ्या बाजूला समुद्रात वेंगुर्ला रॉक्स. त्या खडकांवर दीपस्तंभ आहे आणि गुहांमध्ये पाकोळ्यांची मोठी वसाहत. लाळेने बांधलेल्या त्यांच्या घरट्यांना परदेशात सूपासाठी भाव मिळतो, म्हणून ती चोरीला जात असत. तिथे सायकल जात नाही, होडीलाही हवामानाची परवानगी लागते. आम्ही लांबूनच नमस्कार केला.

पुढे परुळे. या भागातला सगळ्यात रुंद, सगळ्यात गुळगुळीत आणि त्या दुपारी सगळ्यात रिकामा रस्ता चिपीच्या विमानतळाकडचा निघाला. 2021 च्या ऑक्टोबरात विमानतळ सुरू झाला. सड्यावर सरळ डांबर, दोन्हीकडे करडं गवत, मधेच चिऱ्याच्या खाणीचा चौकोनी खड्डा. आम्ही शेजारी शेजारी गप्पा मारत चालवत होतो, जे बाकी कुठे करू नये. परुळ्यात आदिनारायणाचं देऊळ आहे. सूर्याची देवळं कोकणात थोडी, त्यातलं एक.

ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्याकडे मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा मांडलेली. घट, पाच फळं, दिवा. लेकीला हळदीकुंकू मिळालं, मला केळं. रात्री पलीकडच्या वाडीत जत्रा होती. त्रयोदशीला टेकलेल्या चंद्राच्या उजेडात, दिवे न लावता, सायकलने गेलो. दशावतार सुरू व्हायला बारा वाजले. संकासुर आला तोवर मी जागा होतो.

शुक्रवार : वालावल, धामापूर, कुडाळ

झोप झाली नव्हती, त्यामुळे या दिवसाबद्दल माझ्याकडे सलग आठवण नाही. चेंदवणकडून वालावलला उतरणारा रस्ता आठवतो. कर्ली इथे समुद्राची नाही, डोंगराची वाटते. लक्ष्मीनारायणाच्या देवळामागे तळं, त्यात उलटं पडलेलं देऊळ. नेरूरपारचा पूल ओलांडून धामापूरला जाऊन आलो. जायला नको होतं, पाय नाही म्हणत होते, पण लेकीने ऐकलं नाही आणि ते बरं झालं.

धामापूरचं तळं 1530 साली बांधलेलं. दोन टेकड्यांच्या मधली दरी अडवून आणि माती-दगडाचा बांध घालून. आजही त्याच्या पाण्यावर शेती होते. 2020 साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला वारसा सिंचन वास्तूचा मान दिला. काठाला भगवतीचं देऊळ. लग्नकार्याला दागिने हवे असले की फुलांचे दागिने करून पाण्यात सोडायचे आणि सकाळी काठावर सोन्याचे मिळायचे, कार्य झालं की परत करायचे, अशी गोष्ट सांगतात. मग कोणीतरी परत केले नाहीत आणि ते थांबलं. लेक म्हणाली, हे ग्रंथालयासारखं झालं. पायऱ्यांवर पाय सोडून बसलो. पाणी इतकं स्थिर होतं की एक खंड्या सूर मारून गेला तेव्हा वर्तुळं पलीकडच्या काठापर्यंत जाताना दिसली.

परत पूल, नेरूर, कुडाळ. आत्या कुडाळला महामार्गाच्या पलीकडे राहते. सकाळीच तिचा फोन होता, "येवा वेळेर, बांगडे हाडून ठेवलंय." आज शुक्रवार. आड येणारी तिथी नाही, वार नाही, व्रत नाही.

महामार्गाच्या कडेला येऊन उभे राहिलो. चार पदर. गोव्याकडे जाणारे ट्रक, गोव्याहून येणारे ट्रक, मधे मोटारी, शनिवार-रविवारसाठी आदल्या दिवशीच निघालेल्या. एक पाऊल पुढे टाकायचं, हॉर्न ऐकून मागे घ्यायचं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पलीकडे आत्याच्या बागेतले माड दिसत होते. फोडणीचा वास आला असं मला वाटलं, तेवढ्या लांबून येणं शक्य नाही.

लेकीने हँडलवर हनुवटी टेकली.

"बाबा, याची सुकती कधी असते?"